बगळ्यांचं झाड कापू नका, त्यांचं रक्त तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधल्या आमच्या कालोनीच्या व्हाट्सअप ग्रुपवर सध्या एक अर्ज फिरतोय, बगिच्यामागची मोठी चिंच कापून टाका म्हणून, कारण तिच्यावर दर पावसाळ्यात बगळे घरटी करतात आणि बगळे म्हणे दिमागी बुखार आणतात. सोबत कुठूनतरी आलेला एक फॉरवर्ड, त्यात बगळ्याचा फोटो, फोटोवर लाल फुली. बघता बघता निम्म्या कालोनीने अंगठा दिला. मी दिला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं तू तर पॅथॉलॉजी लॅबमधे काम करतेस, तुला तर हे सगळ्यात आधी कळायला पाहिजे. कळतं म्हणूनच सही नाही केली काकू, पण ग्रुपवर एवढं टाइप केलं तर कोण वाचणार, लगेच वरून कोणाची तरी गुड मॉर्निंगची फुलं येऊन पडतात. म्हणून तुम्हाला लिहितेय. पत्र लांबणार आहे, तुम्ही कापलंत तरी चालेल, झाड तेवढं कोणी कापू नये.

आधी खरं काय ते सांगते, कारण तो फॉरवर्ड पूर्ण खोटा नाहीये आणि घोळ तिथेच आहे. जपानी मेंदूज्वर, ज्याला डॉक्टर जेई म्हणतात, त्याचा व्हायरस निसर्गात पाणथळीच्या पक्ष्यांमधे असतो, त्यात बगळे, ढोकरी, रातबगळे ही मंडळी मुख्य. क्युलेक्स जातीची मच्छराची मादी अशा पक्ष्याला चावते, व्हायरस तिच्या पोटात जातो, तिथे आठवडा-दोन आठवडे वाढून लाळेपर्यंत पोचतो आणि मग ती ज्याला चावेल त्याला तो मिळतो. मधे डुकरं असली की काम आणखी सोपं, डुकराच्या रक्तात हा व्हायरस भरपूर वाढतो, तिथून मच्छरांना तो मोठ्या प्रमाणात मिळतो. माणूस या सगळ्यात भरडला जातो पण चक्र पुढे चालवत नाही, कारण माणसाच्या रक्तात व्हायरस इतका कमी आणि इतके थोडे दिवस असतो की आपल्याला चावलेला मच्छर तो पुढे कोणाला देऊ शकत नाही. वेस्ट नाइल नावाचा याचाच एक भाऊबंद आहे, त्याचंही असंच, फक्त त्यात डुकरांचं काही विशेष काम नाही, पक्षी आणि क्युलेक्स एवढ्यावर त्याचं भागतं.

म्हणजे बगळ्याच्या शिटेतून, पिसातून, झाडाखाली स्कूटर लावल्याने जेई होत नाही. मधे मच्छर पाहिजेच. आता चिंच कापली तर काय होईल, जुलै-ऑगस्टमधे घरट्यात पिल्लं असतात ती खाली पडून मरतील, मोठे बगळे उडून दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या झाडावर जातील, आणि मच्छर? तो झाडावर जन्मतच नाही. तो जन्मतो त्या झाडाच्या मागे जो नाला तुंबलाय त्यात, आणि त्या नाल्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही. कोणाला बघायचं असेल तर संध्याकाळी या, नाल्याच्या कडेला जिथे पाणी हलत नाही आणि वर थर्माकोल, पाउचं साचलीत तिथून एक पांढरा मग भरून पाणी काढा. वर काजळीच्या कणासारखं काहीतरी तरंगताना दिसेल, नीट बघितलं की कळतं की ती शेकडो अंडी उभी उभी एकमेकांना चिकटून त्यांचा एक तराफा झालाय. तो क्युलेक्सचा. आणि खाली डोकं वर शेपूट करून तिरप्या लटकलेल्या अळ्या, पाण्याचा मग जरा हलवला की सगळ्या वळवळत तळाला. एनॉफिलीस, म्हणजे मलेरियावाला, त्याची अळी पाण्याला समांतर आडवी राहते, ही अशी तिरपी. एवढी ओळख शाळेतल्या पोराला पण करून देता येते.

अजून एक गोंधळ. डेंगूशी बगळ्यांचा काही संबंध नाही. डेंगू, चिकनगुनिया आपल्या शहरात माणूस ते मच्छर ते माणूस असेच फिरतात, त्यांचा एडिस मच्छर कूलर, टायर, गच्चीवरच्या टाकीतल्या साफ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. क्युलेक्स घाण पाण्यातला, रात्री चावणारा. (जेईचे मुख्य क्युलेक्स भातशेतीच्या पाण्यात होतात, आपला माळवा सोयाबीनवाला, पण तलाव, डबकी, नाले काय कमी आहेत.) फॉगिंगची गाडी आली की सगळे खिडक्या लावून समाधानाने बसतात, धूर जातो, नाल्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

आता मुद्द्याचं. बगळा, कावळा, चिमणी यांच्याकडे बघायचं कसं? माझं म्हणणं आहे की हे आपले खबरी आहेत, आणि आपण त्यांना विचारतच नाही. बाहेरच्या जगात विचारतात. कधीपासून आणि का, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधे कावळे पटापट मरायला लागले. त्याच सुमारास एका भागातल्या हॉस्पिटलमधे म्हाताऱ्या माणसांना ताप, मेंदूला सूज, हातपाय लुळे अशा केसेस. माणसांच्या डॉक्टरांनी टेस्ट करून सांगितलं सेंट लुई एन्सेफलायटिस आहे, हा पण मच्छरांनीच होणारा आजार, अमेरिकेत आधीपासून असलेला. फवारणी सुरू. तिकडे ब्राँक्स झू मधे ट्रेसी मॅकनमारा नावाच्या पशुवैद्यक पॅथॉलॉजिस्ट होत्या, त्यांच्याकडे मेलेले कावळे येत होते आणि मग झू मधले फ्लेमिंगो पण गेले. त्यांचं डोकं बघा कसं चाललं. सेंट लुईच्या व्हायरसने पक्षी मरत नाहीत, मग हे का मरतायत? दुसरा संशय घोड्यांच्या एका मेंदूज्वराचा, पण त्याने एमू सगळ्यात आधी मरायला पाहिजेत आणि त्यांच्या झू मधले एमू मजेत होते. मग हे तिसरंच काहीतरी आहे. त्यांनी माणसांवाल्या डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला, आधी फार कोणी मनावर घेतलं नाही, शेवटी सॅम्पल दुसऱ्या लॅबना गेले आणि कळलं की हा वेस्ट नाइल, जो अमेरिकेत कधी कोणी पाहिलाच नव्हता. १९३७ साली युगांडातल्या वेस्ट नाइल भागात एका तापाच्या पेशंट बाईच्या रक्तात पहिल्यांदा सापडलेला, म्हणून ते नाव. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या आसपास ६२ लोकांना गंभीर आजार झाला, ७ गेले. पुढच्या चार-पाच वर्षांत व्हायरस पार कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत पोचला.

तेव्हापासून तिकडे मेलेला कावळा ही नोंद करायची गोष्ट झाली. कॅलिफोर्नियात २००० पासून मेलेल्या पक्ष्यांसाठी फोन लाइनच आहे, लोक कळवतात, तपासण्यालायक असेल तर उचलून नेतात. अमेरिकन कावळा वेस्ट नाइलने जवळजवळ हमखास मरतो, त्यामुळे एखाद्या भागात कावळे पडायला लागले की माणसांच्या केसेस यायच्या आधीच कळतं की इथे मच्छरांमधे व्हायरस फिरतोय.

आपल्याला हे नवीन आहे असं पण नाही हो. डिसेंबर २०२० च्या शेवटी इंदूरमधे डेली कॉलेजच्या कॅम्पसमधे कावळे मेलेले सापडले, आठवतंय ना सगळ्यांना? कोणीतरी बघितलं, कळवलं, सॅम्पल भोपाळच्या हाय सिक्युरिटी लॅबला गेले, बर्ड फ्लू निघाला, एच-५ एन-८. मग आपण सगळ्यांनी अंडी सोडली, चिकनवाले माशा मारत बसले. पण यंत्रणा चालली की नाही? चालली. देशात पक्ष्यांच्या अशा आजारांची जी सगळ्यात मोठी लॅब, ती आपल्यापासून फक्त चार तासांवर आहे. बर्ड फ्लूचा मच्छरांशी संबंध नाही, तो पक्ष्यांच्या शिटेतून, लाळेतून पसरतो, पण मेलेला कावळा तोच, डबा तोच, बर्फ तोच, गाडी तीच. मग एवढंच विचारायचंय की असा कावळा लॅबला गेला आणि फ्लू निगेटिव्ह आला तर त्याच सॅम्पलवर वेस्ट नाइल आणि जेईची पीसीआर का लावू नये? मेलेल्या पक्ष्याच्या मेंदूचा, किडनीचा तुकडा तर तिथे पडलेलाच असतो. लॅबमधे काम केल्यामुळे मला निगेटिव्ह रिपोर्टबद्दल एक खोड आहे, निगेटिव्ह म्हणजे फक्त आपण जे विचारलं त्याचं उत्तर नाही असं आलं, पक्षी का मेला ते अजून कळलेलंच नसतं.

पण थांबा, अमेरिकेची नक्कल करून फक्त मेलेले कावळे मोजत बसलो तर आपण फसू. वेस्ट नाइल तिथे नवीन होता, तिथल्या पक्ष्यांची त्याच्याशी ओळख नव्हती, म्हणून ते असे पडले. आफ्रिका, आशियातले पक्षी आणि हे व्हायरस जुने सोबती, इथे पक्ष्याला इन्फेक्शन होतं आणि बऱ्याचदा तो मरत नाही. (नेहमीच नाही, १९९८ मधे इस्राइलमधे करकोचे आणि हंस मेले होते, आणि न्यूयॉर्कवाला व्हायरस त्याच जातकुळीतला निघाला.) जेईमधे तर बगळा आजारी दिसत पण नाही, आरामात म्हशीच्या पाठीवर बसलेला असतो आणि रक्तात व्हायरस. त्यामुळे आपल्याकडे जिवंत पक्षी तपासावे लागतील, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाहीये, जगभर पक्ष्यांना रिंग घालणारे लोक करतातच. बारीक जाळी लावतात, पक्षी अडकला की लगेच सोडवून कापडी पिशवीत, वजन, पायात नंबरची रिंग, पंखाखालची शीर दिसते तिथून बारीक सुईने थोडंसं रक्त. किती घ्यायचं याचा नियम आहे, पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त नाही, म्हणजे चिमणीएवढ्या पक्ष्याकडून पाव मिलीलिटर पण जास्तच झालं. घशातून आणि मागून एकेक स्वॅब, की सोडून दिला. रानपक्षी धरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, ती लागायलाच पाहिजे, नाहीतर उद्या कोणीही जाळी घेऊन आपल्या सिरपूर तलावावर उभा राहील.

इथे एक बारकी गोष्ट आहे जी मला फार आवडते. पक्ष्याच्या रक्तात व्हायरस जेमतेम काही दिवस असतो, तेवढ्यात तुम्ही नेमका तोच पक्षी धरला तर पीसीआर पॉझिटिव्ह, नाहीतर नाही. पण अँटीबॉडी नंतर बराच काळ राहते. आता मोठ्या बगळ्यात अँटीबॉडी सापडली तर ती यावर्षीची की तीन वर्षांपूर्वीची, इथली की दुसरीकडून आणलेली, काय कळणार? पण यंदाच्याच पावसाळ्यात जन्मलेलं पिल्लू, आईकडून आलेल्या अँटीबॉडी काही आठवड्यात ओसरल्यानंतर धरलं आणि त्यात सापडली, तर तारीख आणि पत्ता दोन्ही मिळाले. याच वर्षी, इथेच आसपास. म्हणजे ज्या चिंचेवर आमचे लोक कुऱ्हाड चालवायला निघालेत ती खरं तर तपासायला सगळ्यात सोयीची जागा आहे.

रिपोर्ट वाचताना पण सांभाळून. जेई आणि वेस्ट नाइल इतके जवळचे की साध्या एलायझात, म्हणजे रक्तातली अँटीबॉडी शोधायच्या टेस्टमधे, एकाची अँटीबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमधे पॉझिटिव्ह दाखवते, अमेरिकेत सुरुवातीला जो घोळ झाला तो पण असाच, सेंट लुई याच कुटुंबातला. पक्कं करायला न्यूट्रलायझेशन टेस्ट लागते, जिवंत व्हायरसवर, चांगल्या बंदिस्त लॅबमधे. ती गल्लीतल्या लॅबचं काम नाही, माझ्या लॅबचं तर नाहीच. पण पुण्याची एनआयव्ही, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी, १९५२ पासून हेच काम करतेय.

पक्षी धरायचे नसतील तर कोंबड्या आहेत. अमेरिकेत फ्लोरिडात वगैरे ठिकठिकाणी पिंजऱ्यात काही कोंबड्या ठेवतात आणि ठराविक दिवसांनी त्यांचं रक्त तपासतात, कोंबडीला वेस्ट नाइल झाला तरी ती आजारी पडत नाही आणि तिच्या रक्तात व्हायरस इतका वाढत नाही की मच्छरांना मिळावा, फक्त अँटीबॉडी तयार होते, म्हणजे ती नुसती साक्षीदार. आपल्याकडे पिंजरा उघड्यावर ठेवला तर आठवड्यात कोंबडीच राहणार नाही, मांजर नाहीतर कोणाचा तरी रविवार, पण झू किंवा महूच्या वेटरनरी कॉलेजच्या आवारात ठेवायला काय हरकत आहे.

आणि मच्छर स्वतः. फवारणी तर सगळे करतात, मच्छर पकडून तपासणारे कमी. त्याचा एक ट्रॅप आहे, टबमधे चार दिवस गवत कुजवलेलं घाणेरडं पाणी आणि वर बॅटरीचा छोटा पंखा, पोटात अंडी असलेली क्युलेक्सची मादी त्या वासाला भुलून येते आणि पंखा तिला जाळीत ओढतो. तिने आधीच कोणाचं तरी रक्त प्यायलेलं असतं, म्हणून तिच्यात व्हायरस सापडायची शक्यता जास्त. एका जातीचे पन्नासेक मच्छर एकत्र वाटून एक पीसीआर, एकेक तपासायची गरज नाही, खर्च वाचतो. आणि सॅम्पल फेकायचे नाहीत. ब्रिटनमधे नॉटिंगहॅमशायरमधे जुलै २०२३ ला पकडलेल्या मच्छरांमधे वेस्ट नाइलचे तुकडे सापडल्याचं २०२५ मधे जाहीर झालं. तिथल्या तिथे लागण होऊन तो आजार कोणाला झालेला नव्हता, तरी देशाच्या मच्छरांमधे पहिल्यांदा तो दिसला तो असा.

आमच्या ग्रुपमधले एक काका, जे बाकी समजूतदार आहेत, म्हणाले सब ठीक है, पण तपासून करायचं काय, बगळ्याला गोळी द्यायची? प्रश्न बरोबर आहे. इटलीचं उदाहरण देते. तिथे उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात दरवर्षी पक्षी आणि मच्छर तपासतात, आणि एखाद्या जिल्ह्यात वेस्ट नाइल पॉझिटिव्ह आला की त्या जिल्ह्यात रक्तदानाच्या प्रत्येक बाटलीची वेस्ट नाइलसाठी तपासणी चालू करतात. कारण १०० पैकी ८० लोकांना हे इन्फेक्शन होऊन काही लक्षणच नसतं, तो माणूस ठणठणीत, रक्त देऊन बिस्किट खाऊन घरी जातो आणि ते रक्त चढतं कॅन्सरच्या नाहीतर किडनीच्या पेशंटला. आपल्या इंदूरमधे रक्तदानाची शिबिरं केवढी होतात, वाढदिवसाला, पुण्यतिथीला, पावसाळ्यानंतरच्या दिवसात पण. दुसरं म्हणजे डॉक्टर. दीडशे लोकांना वेस्ट नाइल झाला तर साधारण एकाला मेंदूचा त्रास होतो, तो एक जर हॉस्पिटलमधे आला आणि तिथल्या डॉक्टरला माहीत असेल की या महिन्यात यशवंतसागर तलावाकडच्या बगळ्यांमधे किंवा मच्छरांमधे पॉझिटिव्ह आलाय, तर तो ती टेस्ट सांगेल. नाहीतर रिपोर्टवर लिहिलं जातं व्हायरल एन्सेफलायटिस, कारण अज्ञात, आणि पेशंट घरी गेला किंवा वर गेला, दोन्हीत ते अज्ञातच राहतं.

तुम्ही म्हणाल हे सगळं परदेशातलं. तर वेस्ट नाइलच्या अँटीबॉडी मुंबईच्या लोकांमधे १९५२ मधेच सापडल्यात. केरळमधे २०११ पासून केसेस, २०१९ मधे मलप्पुरमचा सहा वर्षांचा मुलगा गेला, २०२२ मधे त्रिशूरला एक जण, २०२४ मधे पुन्हा केसेस. जेई तर १९५५ मधे वेल्लोरकडे पहिल्यांदा कळला आणि २००५ मधे गोरखपूरच्या बाजूला त्याने जे केलं, हजाराहून जास्त मृत्यू, बहुतेक लहान मुलं, ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर २००६ पासून लसीकरण चालू झालं, आणि २०२४ मधे ती मोहीम आपल्या इंदूरमधे पण आली, १ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. माझ्या भाचीला शाळेत दिली. चांगलंच झालं, जेई ज्यांना मेंदूत भिनतो त्यांच्यातले ३० टक्क्यांपर्यंत वाचत नाहीत आणि वाचतात त्यातल्या कित्येकांना कायमचं काहीतरी मागे राहतं. वेस्ट नाइलवर तर माणसांसाठी लसच नाहीये, घोड्यांना आहे, आपल्याला नाही.

आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे, जो मला वाटतं कोणी नीट मांडत नाही. जेईची लस दिली की माणसांच्या केसेस कमी होतात. पण माणूस या चक्रात नाहीच, त्यामुळे शंभर टक्के मुलांना लस दिली तरी बगळ्यांमधला व्हायरस जिथल्या तिथे, एक कणभर कमी होत नाही. गोवराचं तसं नाही, गोवरात पुरेशा मुलांना लस दिली की व्हायरसला जायला जागाच उरत नाही, न टोचलेलं पोर पण वाचतं. जेईत न टोचलेलं पोर न टोचलेलंच राहतं. म्हणजे उद्या फाइलीत केसेस शून्य दिसल्या आणि कोणी साहेब म्हणाले आता जेई संपला, लस थोडी ढिली केली तरी चालेल, तर त्यांना अडवायला आपल्याकडे काय आकडा असणार? माणसांच्या केसेस मोजून हे कळणारच नाही, लस जितकी चांगली चालेल तितकं ते कमी कळेल. तो आकडा फक्त पक्ष्यांत आणि मच्छरांत आहे.

परदेशी पैशाने, कोणाला न सांगता हे करू नये, हे पण लिहून ठेवते. आपल्याकडे याचा एक कडू इतिहास आहे. १९५७ मधे कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मेली, माणसं आजारी पडली, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, तो गोचिडीचा व्हायरस सायबेरियाकडच्या एका व्हायरससारखा निघाला म्हणून संशय स्थलांतरी पक्ष्यांवर गेला. त्यातून मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांना रिंगा घातल्या, आधी डब्ल्यूएचओचे पैसे, नंतर अमेरिकन सैन्याशी जोडलेल्या एका प्रोजेक्टचे, आणि सत्तरच्या दशकात पार संसदेपर्यंत बोंब झाली की हे जैविक युद्धाचं काम आहे का. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण संशयामुळे चांगलं काम पण अडलं. म्हणून लॅब आपल्या, परवानगी उघड, आणि रिझल्ट पेपरात. माकडांच्या बाबतीत आपण हे शिकलोय, शिमोग्याकडे जंगलात मेलेलं माकड दिसलं की कळवायची पद्धत आहे, २०१६ मधे हाच आजार महाराष्ट्रात सिंधुदुर्गात दोडामार्गला आला तेव्हा तिथल्या गावांना पण ते कळलं. माकडासाठी जमतं तर बगळ्यासाठी का नाही.

इंदूरला काय कमी आहे? सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. जानेवारी २०२५ मधे उदयपूरसोबत आपण देशातली पहिली रामसर वेटलँड सिटी झालो, त्याचे बोर्ड लागले, भाषणं झाली. मेडिकल कॉलेज इथे, वेटरनरी कॉलेज महूला, भोपाळची लॅब जवळ, आणि थंडीत पहाटे पाचला दुर्बीण घेऊन सिरपूरला उभे राहणारे पक्षीवेडे आहेतच, त्यातले मराठी तर चिकार. फक्त एक आहे, पाणपक्ष्यांची मोजणी होते जानेवारीत, कारण तेव्हा थापटे, तलवार बदकं, चक्रवाक अशी पाहुणे मंडळी आलेली असतात आणि फोटो छान येतात. मच्छर आणि बगळ्यांच्या पिल्लांचा मोसम जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा चिखलात, पावसात, शिटेच्या वासात उभं राहायला कोणी नसतं. मला वाटतं पक्षीवाल्यांनी एक पावसाळा शहरातली बगळ्यांची झाडं कुठे कुठे आहेत याचा नकाशा केला तरी अर्धं काम झालं, रक्त काढणारे नंतर येतील.

आणि सामान्य माणसाने काय करायचं, तर मेलेला पक्षी दिसला की हाताने उचलायचा नाही. फोटो, जागा, वेळ. उचलायचाच असेल तर प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी घालून पक्षी पकडायचा आणि पिशवी पलटवायची, गाठ मारायची, सावलीत ठेवायचा. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात पडलेला कावळा संध्याकाळपर्यंत लॅबच्या कामाचा राहत नाही. आता असा पक्षी सापडला तर कळवायचं कोणाला? मी गेल्या महिन्यात विचारून बघितलं. एका ऑफिसने सांगितलं जनावरांच्या खात्याला फोन करा, तिथे म्हणाले एकच आहे का, एक असेल तर सफाईवाल्याला सांगा, सफाईवाला भिया म्हणाला, गाडी तर सकाळीच येऊन गेली, गीला कचरा में डाल दो. आता त्याची काय चूक, त्याला कोणी सांगितलंच नाही.

तर माझी मागणी मोठी नाहीये. माणसांचं, जनावरांचं आणि जंगलाचं अशी तिन्ही खाती एका टेबलावर बसून एक फोन नंबर ठरवू देत, उचलणारा माणूस ठरू देत, आणि येत्या पावसाळ्यात बगळ्यांच्या दोन-तीन झाडांखाली ट्रॅप लागू देत. तोवर आमच्या कालोनीने अर्ज करायचाच असेल तर तो नाल्यासाठी करावा, पहिली सही माझी. नंबर ठरला तर तुम्ही तो छापा, पहिल्या पानावर नको, लाइट जाणार असल्याची बातमी जिथे देता त्याच्या शेजारी द्या, तो कोपरा आमच्याकडे सगळे वाचतात.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर